ओतल्यानंतर

बसवकल्याण तालुक्यातलं मुडबी हे कलबुर्गी जिल्ह्याच्या हद्दीजवळचं गाव. मराठी, कन्नड आणि दखनी इथे एकाच बाजारात चालतात. कुणी कुठल्या भाषेत भाव केला हे घरी पोचेपर्यंत विसरायला होतं. तालुक्याचं ठिकाण म्हणजे जुनं कल्याणी, चालुक्यांची राजधानी. बाराव्या शतकात, 1129 च्या सुमारास, या कल्याणीच्या सोमेश्वर तिसरा या राजाने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी वाचकाला तो ओळखीचा आहे तो ओवीमुळे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असं त्यात नोंदलेलं आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या पहिल्या काही पानांत त्या नोंदीचा हवाला हमखास येतो.

त्याच ग्रंथात धातूची मूर्ती कशी ओतायची तेही सांगितलं आहे, आणि त्याकडे साहित्यवाल्यांचं लक्ष सहसा जात नाही. आधी मेणाची मूर्ती करायची. तिला नळ्या जोडायच्या. जळक्या तुसाची राख, बारीक तोडलेला कापूस आणि मीठ घालून मळलेली माती तिच्यावर थराथराने चढवायची. पहिला थर पातळ, सावलीत वाळवलेला, मग दुसरा, मग जाड तिसरा. मेणाचं वजन आधीच करून ठेवायचं, कारण धातू किती लागणार ते त्यावरून ठरतं. हा हिशेब आजही तसाच करतात: मेणापेक्षा कांसं सुमारे नऊ पट जड, त्यात नळ्यांचा आणि रस ओतण्याच्या कपाचा भाग धरून थोडं वर घ्यायचं. मग साचा तापवून मेण बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. सगळं इतकं नीट सांगितलं आहे की सोमेश्वराने, किंवा त्याच्यासाठी लिहिणाऱ्याने, कुठल्या तरी ओताऱ्याच्या भट्टीजवळ बसून ते ऐकलं असणार असं मला वाटतं.

आणि मग, मूर्ती गार झाल्यावर? माती फोडावी, नळ्या कापाव्यात, जास्तीचं घासून काढावं. एवढ्यावर ग्रंथ पुढच्या विषयाकडे वळतो. पुढच्या आठशे-नऊशे वर्षांत ओतकामावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी हेच केलं. भट्टी, लालभडक रस, ओतण्याचा क्षण यांत नाट्य आहे. कानस आणि ब्रश यांत ते नाही. पण ज्याने हे काम जवळून पाहिलं आहे त्याला ठाऊक आहे की भट्टी एका दिवसात आटोपते आणि नंतरचं काम कित्येक आठवडे चालतं. लोकांना पुतळ्याचा जो चेहरा दिसतो तो या आठवड्यांत घडतो. मानसोल्लासाने दोन ओळींत उरकलेला हा भाग म्हणजे या पुस्तकाचा विषय: साचा फोडल्यापासून मेणाचा शेवटचा हात फिरेपर्यंत.

साचा फोडल्यावर जे बाहेर येतं ते पाहून नवखा माणूस हिरमुसतो. अंग काळपट, खाचांमध्ये भाजलेल्या मातीची पांढुरकी भुकटी अडकलेली, खांद्यावर आणि पाठीवर नळ्यांचे खुंट. जिथे साच्याला चीर गेली असेल तिथे धातूची पातळ पात उभी राहिलेली. आतला गाभा जागेवर धरण्यासाठी घातलेल्या खिळ्यांची भोकं जागोजाग. हे खिळे साध्या लोखंडाचे असतील आणि एखादा आत राहून गेला, तर दोन पावसाळ्यांनी त्या जागेवरून तांबूस ओघळ उतरतो. म्हणून शहाणे लोक स्टेनलेस स्टीलचे वापरतात, आणि तेही मोजून घालतात, मोजून काढतात. भोकाला आटे पाडून त्यात कांस्याचाच आटेदार तुकडा बसवायचा, वरून ठोकायचा आणि घासायचा. नीट बसवलेला तुकडा रंग दिल्यावर शोधूनही सापडत नाही.

खुंट ग्राइंडरने कापतात, पण मुळापासून नाही. थोडा उंचवटा राखून कापायचं आणि उरलेलं कानशीने उतरवायचं, कारण ग्राइंडरची चकती एकदा अंगात घुसली की तिथे सपाट ठिकरी पडते आणि ती भरून काढायला अर्धा दिवस जातो. मोठा पुतळा तुकड्यांत ओतलेला असतो. हात वेगळा, धड वेगळं, घोड्याचे पाय वेगळे. हे जोडण्याचं काम आता आर्गॉनच्या वेल्डिंगने होतं, आणि रंगाच्या बऱ्याच भानगडी इथेच सुरू होतात.

हा एक मुद्दा जरा सावकाश सांगायला हवा. आपल्याकडे पुतळ्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं मिश्रण म्हणजे तांबं 85 टक्के आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी 5 टक्के. बाजारात मिळणारी वेल्डिंगची सळी मात्र बहुधा सिलिकॉन ब्राँझची असते: तांबं जवळपास 95 टक्के, बाकी सिलिकॉन आणि थोडं मँगनीज. सांधा भरला, कानस मारली, पॉलिश पेपर फिरवला की दोन्ही धातू सारखेच पिवळे दिसतात. ऑर्डर देणारी मंडळी येऊन बघून जातात, समाधानाने मान हलवतात. मग रसायन लागतं, आणि मनगटाभोवती, मानेभोवती, घोड्याच्या पोटाखालून एक फिकी रेघ उमटत जाते. ती पुसून जात नाही. वरून आणखी रसायन मारलं तर भोवतालचा भाग जास्त गडद होतो आणि रेघ अधिकच उठून दिसते. जाणता ओतारी म्हणून त्याच भट्टीतल्या धातूच्या थोड्या सळ्या ओतून बाजूला ठेवतो आणि वरचा थर त्यांनी भरतो. शिशामुळे हे काम किचकट होतं, सांध्यात बुडबुडे धरतात, सळी पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. पण रंग जुळतो.

सांधा भरला की त्यावर पोत उठवायचा. याला फाउंड्रीत चेझिंग म्हणतात. शिल्पकाराने मातीत काम करताना अंगठा कुठे दाबला, लाकडी कोरणी कुठे ओढली, हे सगळं मेणातून धातूत उतरलेलं असतं. सांध्याच्या पट्टीवर मात्र ते नसतं. चेझिंग करणारा माणूस पोलादी पंच आणि हातोडी घेऊन तिथे अंगठ्याचे खोटे ठसे उमटवतो. ‘खोटे’ हा शब्द मी कौतुकाने वापरतो आहे. दुसऱ्याच्या हाताची सवय ओळखून तिची अशी नक्कल करायची की मूळ शिल्पकारालाही आपली रेघ कुठे संपली ते कळू नये, ही विद्या शाळेत शिकवली जात नाही. कामाची बिलं काढताना तिचा वेगळा रकानाही नसतो.

पुण्यातल्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला विनायकराव करमरकरांचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा 1928 चा. मुंबईला माझगाव गोदीत तो ओतला गेला आणि एकसंध ओतीव पुतळा म्हणून त्याची ख्याती आहे. लोक त्याचं कौतुक करतात ते एवढ्या मोठ्या आकाराच्या धाडसासाठी. या पुस्तकाच्या बाजूने पाहिलं तर त्यात आणखी एक फायदा दिसतो. सांधेच नसतील तर सांधे लपवण्याचा, परक्या धातूच्या रेघेचा प्रश्नच उरत नाही. सगळं अंग एका रसाचं असतं आणि रंगही एका चालीने चढतो. पुढे तुकड्यांत ओतणं हाच रिवाज झाला, आणि सरदार पटेलांच्या 182 मीटर उंचीच्या पुतळ्यापर्यंत (2018) आल्यावर तर आतला सांगाडा काँक्रीट-पोलादाचा आणि कांसं म्हणजे त्याच्यावर बसवलेली चीनमध्ये ओतलेली कातडी, असा प्रकार झाला. राम सुतारांच्या त्या शिल्पाला हातात टॉर्च घेऊन रंग देणं अशक्यच. तो हवेवर सोपवलेला आहे.

आता रंग. पुतळ्याला रंग ‘दिला’ असं आपण म्हणतो, पण डब्यातून काढून वर काही फासलं जात नाही. धातूच्या वरच्या थरातलं तांबं रसायनाशी मिळून दुसरं काही तरी बनतं आणि त्या नव्या पदार्थाचा रंग आपल्याला दिसतो. म्हणून तो खरवडला तर पोपडा निघत नाही, आणि म्हणूनच खालच्या धातूत जे काही चुकलेलं असेल ते तो झाकत नाही, दाखवतो. पॉलिश पेपरच्या आडव्या रेघा, बोटाचा तेलकट ठसा, शिशाचा एखादा ठिपका, सगळं वर येतं. घासकाम आणि रंगकाम ही दोन वेगवेगळी कामं समजून दोन वेगवेगळ्या ठेकेदारांना वाटून देणाऱ्यांना हे कळलेलं नसतं. मला जर या पुस्तकात एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

रसायनं मोजकीच आहेत. पोटॅश आणि गंधक एकत्र वितळवून केलेला, कुजक्या अंड्यासारखा घाण वास मारणारा खडा पाण्यात विरघळवला की तपकिरीपासून काळ्यापर्यंतच्या छटा मिळतात. लोहाच्या नायट्रेटने सोनेरी, विटकरी, तांबूस तपकिरी. तांब्याच्या नायट्रेटने हिरवा आणि निळसर हिरवा. बाकी सगळा खेळ उष्णतेचा, पाण्याच्या प्रमाणाचा आणि हाताच्या वेगाचा. टॉर्चची ज्योत एका हातात, ब्रश दुसऱ्यात. पुतळा किती तापला हे पाहायला थर्मामीटर कुणी लावत नाही. पाण्याचा थेंब टाकतात. धिरडं घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडून पाहतात तसं. थेंब ओघळला तर अंग थंड आहे. थेंब गोळी होऊन टुणटुणत पळाला तर फार तापलं आहे, रसायन टेकणारच नाही. चुर्र होऊन जागच्या जागी आटला तर ब्रश उचलायचा. अडचण अशी की पुतळा सगळीकडे सारखा तापत नाही. नाक, बोटं, तलवारीची मूठ पटकन तापतात. छाती आणि घोड्याची मांडी बराच वेळ थंडच राहते. ज्योत सतत हलती ठेवायची, पातळ भागांवरून ती नुसती ओझरती न्यायची, आणि रसायनाचे पाच-सहा पातळ हात एकावर एक चढवायचे. एका दमात गडद करू पाहणाऱ्याचा रंग नखाने निघतो.

पहिला काळा-तपकिरी हात बसला की स्क्रबरने पुतळा हलकेच घासतात. उंचवट्यांवरचा रंग थोडा उतरतो, खाचांतला राहतो, आणि चेहऱ्याला खोली येते. मग लोहाचं नायट्रेट. मग हवं असेल तर वस्त्राच्या चुण्यांत, केसांच्या बटांत थोडा हिरवा. सगळ्यात शेवटी, अंग अजून कोमट असताना, मेण. मेणाने रंग एकदम एक पायरी खाली उतरतो, गडद होतो. हा उतार आधी मनात धरून वरचे हात थोडे फिके ठेवावे लागतात. भोळा माणूस मेणाआधीच रंग जमला म्हणून थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुतळा जवळजवळ काळा झालेला पाहतो.

इथवर जे लिहिलं ते कोल्हापूर, पुणे, मुंबई, दिल्ली कुठल्याही फाउंड्रीला लागू आहे. मग या पुस्तकाच्या प्रस्तावनेला मुडबी कशाला? कारण ओतलेल्या धातूतून रसायनाने रंग काढणं ही विद्या आपल्याकडे साहेबाच्या आर्ट स्कूलबरोबर आली असं जे सरसकट समजलं जातं, त्याला या भागात जिवंत उत्तर आहे. ते मुडबीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, बिदरला मिळतं, बिदरी कामात.

बिदरी हे कांसं नाही. तो जस्ताचा ओतीव धातू आहे. जस्त सोळा भाग आणि तांबं एक भाग हे नेहमी सांगितलं जाणारं प्रमाण. जस्त साधारण 419 अंशाला वितळतं, म्हणून भट्टी लहान चालते, आणि साचा तांबड्या मातीत एरंडेल व राळ मिसळून केलेला असतो. ओतून निघालेला हुक्क्याचा बुडखा किंवा सुरई राखाडी, निस्तेज, शिशासारखी दिसते. कानस आणि पॉलिश पेपर मारून तिला गुळगुळीत केल्यावर पहिली गंमत होते: तिच्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात. जस्त त्या पाण्यातलं तांबं बाहेर ढकलतं आणि त्याचा बारीक काळपट थर अंगावर बसतो. हा रंग टिकवायचा नसतोच. कारागिराला काळ्यावर टोकदार सळईने ओढलेली रेघ पांढरी दिसावी एवढ्यापुरता तो असतो. वेलबुट्टी, फुलं, जाळी, सगळं हातानेच रेखाटतात. मग वस्तू लाखेने पक्की चिकटवून निरनिराळ्या कलमांनी रेघा खोदायच्या आणि त्यांत चांदीची तार ठोकून बसवायची. तार बसवली तर तारकशी, चांदीच्या पत्र्याचे तुकडे बसवले तर ताहनिशान, आणि पत्र्यातच नक्षी कापून तो वर जडवला, म्हणजे जमीन चांदीची आणि फुलं काळी, तर आफताबी.

मग सगळं पुन्हा घासतात, तो तात्पुरता काळा रंग निघून जातो, आणि हातात राखाडी जमिनीवर पांढुरकी चांदी, म्हणजे जवळजवळ काहीच न दिसणारी वस्तू उरते. महिनाभराचं काम आणि दिसत काही नाही! आता माती येते. बिदरच्या किल्ल्यातल्या, शतकानुशतकं ऊन-पाऊस न लागलेल्या भागातली जुनी माती, नवसागर घालून पाण्यात कालवलेली. वस्तू थोडी तापवून ही माती तिच्यावर चोळतात किंवा त्या उकळत्या पाण्यात वस्तू बुडवतात. काही क्षणांत जस्ताची जमीन गडद, दाट काळी होते. चांदीला काहीही होत नाही. धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवला की काळा आणखी खोल जातो.

माती चांगली की नाही हे कारागीर जिभेला लावून ठरवतात. पाहुण्यांना हे ऐकून मौज वाटते आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या या जिभेवरच थांबतात. त्यात गूढ काही नाही. जुन्या, बंदिस्त जागेतल्या मातीत सोऱ्यासारखे क्षार साठतात आणि सोऱ्याची चव जिभेला चटकन कळते. रंगाचं खरं इंगित मातीइतकंच त्या सोळातल्या एका भागात आहे. बिदरीचा काळा थर 1980 च्या दशकात लंडनच्या संग्रहालयांतल्या प्रयोगशाळांनी तपासला, तेव्हा तांब्याचं महत्त्व स्पष्ट झालं. नवसागर आणि क्षार मिळून पृष्ठभागावरचं जस्त खातात, तांबं मागे राहून दाट होतं आणि त्याचा काळा थर बनतो. नुसत्या जस्ताला तीच माती कितीही चोळा, असा काळा येणार नाही. म्हणजे रंगाची तयारी ओतताना, तांब्याचा तो एक भाग तोलून टाकतानाच झालेली असते. पुतळ्याच्या सांध्यातली परकी सळी आणि बिदरीतलं तोलून टाकलेलं तांबं हा एकाच नियमाचा उलटसुलट प्रत्यय आहे.

बिदरीचा उगम सांगताना बहामनी सुलतान अहमदशाह वलीच्या काळात इराणहून आलेल्या अब्दुल्ला बिन कैसर या कारागिराचं नाव घेतलं जातं. ती परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे, आणि ती पंधराव्या शतकातली. हाती असलेल्या सर्वांत जुन्या वस्तू मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या किंवा सतराव्याच्या सुरुवातीच्या मानल्या जातात. मधल्या काळाबद्दल ठामपणे बोलणाऱ्यांपासून सावध राहावं. मला स्वतःला त्या गोष्टीपेक्षा बिदरच्या किल्ल्यातला रंगीन महाल अधिक बोलका वाटतो. काळ्या कुळकुळीत दगडात बसवलेलं शिंपल्याचं चमकतं काम तिथे भिंतीवर आहे. काळ्या जमिनीवर पांढरी नक्षी ही या शहराची आवडच होती. दगडात शिंपला, धातूत चांदी.

1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात बिदरी वस्तू मांडलेल्या होत्या आणि तिथून त्या तिकडच्या संग्रहालयांत गेल्या. 2006 साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, हे काम करणारी घरं आहेत आणि हैदराबादेतही आहेत. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले, बिदर म्हैसुरात गेलं; मराठी माणसाच्या डोक्यात बिदरी ‘तिकडची’ झाली ती तेव्हापासून असावी. उदगीरहून बिदर किती लांब आहे हे नकाशात पाहावं.

कांस्याच्या बाबतीत मात्र आपली रीत उलटी होती हे कबूल करायला हवं. आपल्याला देव लखलखीत लागतात. देवघरातल्या मूर्ती सणाआधी चिंचेने, लिंबाने, हल्ली पितांबरीने घासायच्या. काळवंडलेला बाळकृष्ण म्हणजे घरातल्या सुनेचा आळस, असं समजणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या घासून नाक-डोळे गुळगुळीत झालेल्या मूर्ती घरोघरी आहेत आणि त्यांतही एक गोडवा आहे, नाही असं नाही. दायमाबादला 1974 साली सापडलेले रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही कांस्यशिल्पं किंवा कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीला मिळालेली पोसायडनची छोटी मूर्ती हिरवट-तपकिरी दिसते ती जमिनीखालच्या काळामुळे. त्यांच्या कारागिरांनी तो रंग योजला होता असं म्हणता येणार नाही. चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या पुतळ्याने मात्र गडद असावं ही अभिरुची मुंबईच्या जे. जे.मधून (स्थापना 1857) आणि विलायती पुतळ्यांवरून आली. म्हात्रे, करमरकर, पुढे गेटवेसमोरचा अश्वारूढ शिवाजी करणारे सदाशिव साठे, कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि कावळा नाक्यावरची ताराराणी घडवणारे रवींद्र मेस्त्री यांच्या पिढ्यांनी ती इथे रुजवली.

रुजली, पण पुरती नाही. याचा पुरावा दर जयंतीच्या आदल्या आठवड्यात गावोगाव दिसतो. चौकातल्या पुतळ्याला परांची बांधून ऑइलपेंट मारला जातो. कधी सोनेरी, कधी ‘ब्राँझ कलर’ नावाने मिळणारा चॉकलेटी. ज्या कांस्याला रंगवायला कुणीतरी आठवडे घालवले त्याच्यावर पन्नास मिनिटांत ब्रश फिरतो. हे वाईट दिसतं हा भाग सोडून द्या, तो आवडीनिवडीचा आहे. पेंटला पुढे चिरा जातात, चिरांतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही, आणि खालचं कांसं तिथे कोपऱ्याकोपऱ्यात कुजायला लागतं. मग अभिषेक. दूध, दही, मध, उसाचा रस यांतली आम्लं आणि साखर खाचांत राहते. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे प्रत्येक घराला माहीत असताना पुतळ्याच्या बाबतीत ते ज्ञान कुठे जातं कळत नाही. अभिषेक करू नका असं मी म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. त्यानंतर पाण्याने पुतळा स्वच्छ धुवा, एवढं तरी ऐका. एरवी वर्षातून एकदा साध्या पाण्याने, लागल्यास सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुणं आणि वाळल्यावर मेणाचा एक हात, याहून जास्त काही लागत नाही.

मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात वेगळी कटकट असते. खाऱ्या हवेतला क्लोराइड तांब्याशी मिळून जो फिका हिरवा, पिठासारखा ठिपका तयार करतो तो सुंदर जंगाल नाही. ओल मिळत गेली की तो आतल्या धातूत खड्डा करत जातो. घट्ट, चिकटून बसलेला हिरवा थर आणि बोटाला लागणारी हिरवी पिठी यांतला फरक पालिकेच्या देखभाल करणाऱ्या माणसाला ओळखता आला पाहिजे. एकाला हात लावायचा नसतो, दुसऱ्याला लगेच लावायचा असतो. बिदर-कलबुर्गीच्या कोरड्या पठारावर कांसं निवांत असतं.

बिदरीची देखभाल याहून नाजूक. तिचा काळा थर फार पातळ. घरी आलेली बिदरीची तबकडी पितळेच्या पॉलिशने घासली की चांदी चमकते आणि जमीन राखाडी पडते. मग लोक म्हणतात, फसवलं. फसवलं कुणी नाही. मऊ कापड आणि थेंबभर खोबरेल, बस.

पुढच्या प्रकरणांत कारागिरांचे शब्द जसे ऐकले तसे ठेवले आहेत. मराठी, कन्नड, दखनी आणि फाउंड्रीतलं इंग्रजी यांची त्यात सरमिसळ आहे आणि ती गाळायचा प्रयत्न मी केलेला नाही. कोरणीला कुणी कलम म्हणेल, कुणी छिन्नी, कुणी पंच. हत्यारांची चित्रं दिली आहेत, त्यावरून ताळा घ्यावा. रसायनांची प्रमाणं लिटरला ग्रॅममध्ये दिली आहेत, पण ती सुरुवात करण्यापुरती. आपल्या भट्टीतल्या धातूचे हाताएवढे तुकडे ओतून, घासून, त्यांच्यावर आधी रंग काढून पाहावा आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे प्रमाण व तारीख कोरून ठेवावी.

रंगाची प्रकरणं शेवटी आहेत. वाचक पहिल्यांदा तीच उघडणार हे मला माहीत आहे. त्यांनी निदान वायुवीजनाचं छोटं प्रकरण आधी वाचावं. नायट्रेट तापल्या धातूवर पडलं की जो तांबूस-पिवळा वायू निघतो तो फुप्फुसाला लगेच जाणवत नाही, त्रास काही तासांनी सुरू होतो. जस्त असलेलं मिश्रण वेल्ड करताना उठणारा पांढरा धूर नाकात गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, आणि सकाळी उतरतो म्हणून लोक तो मनावर घेत नाहीत. 85-5-5-5 मधल्या पाच टक्के शिशाची पूड कानशीबरोबर उडते, आणि त्याच हाताने भाकरी खाल्ली तर पोटात जाते. तोंडाला बांधलेला रुमाल यांपैकी कशालाही अडवत नाही. मास्क कुठला घ्यायचा, पंखा कुठल्या दिशेला लावायचा आणि जेवायला बसण्याआधी हात कशाने धुवायचे, ते त्या प्रकरणात दिलं आहे.